ऑर्व्हिलकाका, सामना संपेपर्यंत तुम्ही मेलेले आहात!

सांत्वन करण्यात आमच्या वेल्बी गावात माझा हात धरणारा कोणी नाही! कुणाचा कुत्रा जाऊ द्या, कुणाची नोकरी जाऊ द्या, मी, लाइल हॅगस्ट्रॉम, पहिल्या तासाभरात दारात हजर. मान किंचित डावीकडे, आवाज अर्ध्या पट्टीत आणि हातात हॉटडिश. खाली खिमा, मध्ये डब्यातलं मश्रूमचं सूप, वर तळलेल्या बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी. आमच्याकडे माणूस गेला की पाद्रीबाबांच्याही आधी हे पोचतं.

तर यंदा मी ठरवलं, टोर्गसनवाल्यांचं सांत्वन करायचं!

टोर्गसन म्हणजे नदीपलीकडचं कॉलेज. आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचं नाव ‘बैल’, त्यांचं ‘पाणकोंबड्या’. फुटबॉल म्हणजे आमचा अमेरिकन, चेंडू हातात घेऊन पळायचा. दर नोव्हेंबरात बैल आणि पाणकोंबड्यांची गाठ पडते आणि जे व्हायचं तेच होतं. चौतीस वर्षं! चौतीस वर्षं ती माणसं मोहरीच्या रंगाचे कोट घालून, थंडीत कुडकुडत येतात, हरतात, चटया गुंडाळतात आणि जाताना म्हणतात, “पुढच्या वर्षी.” मला तर त्यांच्याकडे बघून डोक्यावरची टोपी काढावीशी वाटते. आम्ही तीन सामने हरलो तर कोचच्या घरावर मोर्चा नेतो!

“अरे पण सामन्याच्या आधीच सांत्वन?” माझी बायको मार्लिस ओव्हनमधून भांडं काढत म्हणाली.

“नंतर गर्दी असते.”

“मार खाऊन बसशील, लाइल.”

“मी दुःखात सहभागी होतोय!”

“भांडं परत आण म्हणजे झालं,” म्हणत तिने भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून त्यावर आमचं आडनाव लिहिलं. आमच्याकडे ती पट्टी म्हणजे नात्याची खूण. भांडं परत येतं, येताना रिकामं येत नाही, आणि असं वर्षानुवर्षं चालू राहतं.

सकाळी अकरा वाजता स्टेडियमबाहेरच्या मैदानात शिरलो. सामन्याआधी गाड्या लावून तिथेच शेगडी पेटवायची, खायचं-प्यायचं, ही आमच्याकडची रीत. टोर्गसनवाल्यांच्या गाड्या नेहमीच्या कोपऱ्यात. मागची दारं उघडी, सॉसेज शेगडीवर, आणि मधोमध घडीच्या खुर्चीत आर्डिसआजी. वय चौऱ्याऐंशी. या सगळ्या पाणकोंबड्यांची ही मुख्य कोंबडी.

मी मान डावीकडे केली. भांडं पुढे धरलं.

“आजी, तुमचं दुःख मी समजू शकतो.”

आजींनी भांड्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे.

आता इथे एक सांगायचं राहिलं. ती खुर्ची ऑर्व्हिलकाकांची. ऑर्व्हिल लिंडक्विस्ट, वय अठ्ठ्याहत्तर, कट्टर टोर्गसनवाले, आणि राहतात वेल्बीत, माझ्या शेजारच्याच घरात! गेली चाळीस वर्षं सकाळी नऊला येऊन शेगडी तेच पेटवतात. आज अकरा वाजले तरी पत्ता नव्हता. आणि अशा वेळी त्यांचा शेजारी हातात हॉटडिश घेऊन उभा!

मला यातलं काहीएक सुचलं नाही. मी आपला सुरात होतो.

“किती सोसलं हो! शेवटी देवाच्या मनात असेल तेच होणार.”

“फार त्रास झाला का रे?” आजी बारीक आवाजात म्हणाल्या.

“चौतीस वर्षं झाला, आजी!”

आजींनी रुमाल काढला. माझ्या छातीत अभिमान दाटून आला. एवढा परिणाम माझ्या सांत्वनाचा आजवर झाला नव्हता! पाच मिनिटांत अख्ख्या कोपऱ्यात टोप्या उतरल्या. शेगडीवरचा रॉजर नावाचा धिप्पाड माणूस चिमटा छातीशी धरून प्रार्थना म्हणू लागला. मीही डोळे मिटले.

“...आणि हे प्रभो, आमच्या ऑर्व्हिलला तुझ्याजवळ चांगली जागा दे. मैदानाच्या मधल्या रेषेजवळची.”

मी खाडकन डोळे उघडले! पण आमच्याकडे प्रार्थना मध्ये तोडत नाहीत. आणि खरं सांगू? मलाच शंका आली. काल काका शिडीवर चढून पन्हाळीतला पाला काढत होते. गेले की काय खरंच?

प्रार्थना संपली. मी म्हटलं, “आजी, थोडा गैरसमज...”

“गप्प. आज त्याच्या जागेवर तू बसायचंस. शेजारी आहेस त्याचा.”

“पण मी बैल आहे!”

“आज नाहीस,” असं म्हणून आजींनी गाडीतून काकांची जादा टोपी आणि उशी काढली. टोपी मोहरीच्या रंगाची. डोक्यावर पाणकोंबडी. चोच माझ्या कपाळावर!

मला बाविसाव्या ओळीत आजी आणि रॉजरच्या मध्ये बसवलं. तोवर बातमी थेट माइकवाल्यापर्यंत पोचली होती. “टोर्गसनचे जुने चाहते श्री. ऑर्व्हिल लिंडक्विस्ट यांच्या स्मरणार्थ एक मिनिट शांतता पाळू या.” आठ हजार माणसं उभी! समोरच्या बाजूला आमचे लोक, त्यात माझा जिवलग दोस्त ड्वेन, हातात दुर्बीण. दुर्बीण फिरत फिरत माझ्यावर आली. थांबली. ड्वेनने ती खाली घेतली, काचा पुसल्या, पुन्हा लावली.

मी हात हलवला. काय करणार?

सामना सुरू झाला आणि पहिल्याच झटक्यात आमच्या गड्याच्या हातून चेंडू सुटला! पाणकोंबड्यांनी तो उचलला आणि पळत सुटल्या. सात शून्य! आजींनी माझं मनगट असं धरलं, की जन्मभर खूण राहील.

दुसरा डाव. तेरा शून्य!! मला घाम फुटला. आणि तेवढ्यात जिन्यावरून ओळखीचा आवाज आला.

“माझ्या जागेवर कोण बसलंय?”

ऑर्व्हिलकाका! हातात थर्मास, हात तेलाने काळे. “ट्रकचा पट्टा तुटला रस्त्यात. फोन घरीच. तातडीच्या वेळेसाठी ठेवलाय ना, म्हणून कपाटात असतो.”

मी टुणकन उठणार, तोच रॉजरने खांद्यावर पंजा ठेवला. मी पुन्हा उशीत.

आर्डिसआजी काकांकडे एकटक बघत होत्या. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलं, आणि मग म्हणाल्या, “ऑर्व्हिल, तू मेलायस.”

“कधी?”

“सकाळी.”

“अगं पण मी तर...”

“फलक बघ.”

काकांनी फलक बघितला. तेरा शून्य. टोपी काढली. पुन्हा बघितला.

“आपल्या बाजूने?”

“तू गेल्यापासून.”

मग रॉजर हलकेच म्हणाला, “काका, आम्ही काही म्हणत नाही. तुम्हीच काय ते बघा.”

मी ओरडलो, “अहो काय चाललंय! काका, बसा तुम्ही! चौतीस वर्षं वाट बघितलीत!”

काकांनी मैदानाकडे एकदा नजर भरून पाहिलं. लेकीला सासरी धाडताना बाप बघतो ना, तसं. मग थर्मास माझ्या मांडीवर ठेवला.

“कॉफी गरम आहे. मी या बसायच्या फळ्यांखाली आहे, मुतारीपाशी. तिथून काही दिसत नाही, तेव्हा काळजी नको.”

आणि गेले! मंडळी, मी चर्चमध्ये वाढलेला माणूस आहे. संतांच्या गोष्टी ऐकल्यात. पण अंगावर काटा आला तो त्या बाविसाव्या ओळीत.

पुढे आमचे बैल जागे झाले. तेरा तीन. तेरा सहा. तेरा बारा! घड्याळात चार सेकंद, आणि आमचा गडी लाथ मारायला उभा. चेंडू खांबांच्या मधून गेला की तीन गुण, वेल्बी जिंकलं.

आता बघा माझी अवस्था. मी उठून उभा राहिलो असतो तर जादू मोडली असती, आणि पस्तिसावा विजय आमचा! समोर ड्वेन दोन्ही हातांनी खुणा करत होता: ऊठ! ऊठ, गाढवा! माझे गुडघे आपोआप सरळ व्हायला लागले. सहज खाली नजर गेली. फळ्यांच्या फटीतून काका वर बघत होते. त्यांना मैदान दिसत नव्हतं, फलक दिसत नव्हता. दिसत होते फक्त माझ्या बुटांचे तळवे. त्यांच्यावरच नजर लावून बसले होते बिचारे.

“हलू नकोस, लेका,” ते पुटपुटले.

मी बसलो.

चेंडू उडाला, डाव्या खांबावर आदळला, टण्! आणि बाहेर पडला.

टोर्गसनची सगळी बाजू जागच्या जागी. मग मागून कुणीतरी विचारलं, “आता काय करायचं असतं?”

“मैदानात धावायचं असतं,” आजी म्हणाल्या. “बहुतेक.”

आणि धावले! म्हणजे सरासरी वय सत्तर, तेव्हा कठडा धरून, एकेक पायरी, “सावकाश गं, ओलं आहे” करत धावले. मी खाली पळालो. काका भिंतीला टेकून उभे होते.

“खांबाला लागला ना? टण् ऐकला मी. डावा की उजवा?”

“डावा.”

“आतल्या बाजूला?”

मी तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी त्यांनी डोळे मिटून ऐकलं. नाक पुसलं, आणि म्हणाले, “झकास जागा आहे ही. पुढच्या वर्षी मी इथेच. तू वर. मार्लिसला सांग, हॉटडिश हेच पाहिजे, मीठसुद्धा बदलू नको म्हणावं.”

दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर दाराची घंटी वाजली. दारात ड्वेन. मान किंचित डावीकडे, हातात हॉटडिश. वर बटाट्याच्या गोळ्यांची फरसबंदी.

मी विचारलं, “अरे देवा! कोण गेलं?”

“तू,” ड्वेन म्हणाला आणि निघून गेला.

भांडं मी घाईघाईने उचलून खालून बघितलं. चिकटपट्टी नव्हती. एकदा वापरून फेकायचं, पत्र्याचं भांडं होतं ते.