अडलं आहे, मार्ग दाखवावा

अनय, ईरा, आपल्या शेजारच्या साहेबरावतात्यांनी कॉम्प्युटरच्या प्रोग्रामविषयी जगाला विचारलेला पहिला प्रश्न अर्जाच्या नमुन्यात होता. वर उजवीकडे तारीख. डावीकडे 'प्रति, माननीय जाणकार मंडळी'. मध्ये 'विषय : प्रोग्राम न चालणेबाबत', खाली 'संदर्भ : नाही'. मग 'सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार अडला आहे, तरी मार्ग दाखवावा'. शेवटी 'कळावे, लोभ असावा' आणि सही.

हे सगळं इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं. बाकीचं झालं. 'लोभ असावा' मात्र काही केल्या होईना. मी म्हटलं, तात्या, हे सोडून देऊ या. त्यावर ते खुर्चीत ताठ बसले आणि म्हणाले, "बाई, बाकीचं सोडा पायजे तर. ते राहू द्या."

हा प्रश्न टाकायचा इंटरनेटवरचा मंच तूच त्यांना दाखवला होतास, अनय, सुट्टीत आला होतास तेव्हा. जगभरातले नवशिके तिथे आपापले न चालणारे प्रोग्राम मांडतात आणि जाणकार मंडळी फुकट उत्तरं देतात, एवढं तू सांगितलंस आणि विमानात बसून निघून गेलास. पुढचं सगळं मी निस्तरलं.

ती दुष्काळाची वर्षं होती. नाथसागर धरणाचा तळ उघडा पडला होता आणि जालना रोडच्या दोन्ही बाजूंना इमारती मात्र भराभर वाढत होत्या. त्या वर्षांत आपल्याकडे तेवढं एकच पीक आलं. सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगीत नळ कधी येईल त्याचा नेम नव्हता. बायका घागरी मांडून जिन्यात बसून राहायच्या. तात्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात आवक-जावक टेबलावर गेली. पाण्याचे कागद हाताळता हाताळता आपल्याला पाण्याचंही कळतं, असा त्यांचा समज झाला होता. नळ पूर्वी कोणत्या दिवशी आला ते कॉम्प्युटरला सांगितलं, की पुढे कधी येणार ते तो सांगेल, अशी त्यांची योजना. निवृत्तीच्या आधी ऑफिसात टायपिंगपुरता कॉम्प्युटर शिकले होते. तेवढ्या भांडवलावर माणूस उतरला.

प्रोग्राम पहिले काही महिने एकच उत्तर द्यायचा : 'उद्या'. रोज 'उद्या'. तळमजल्यावरच्या शकुंतलाबाई रिकामी बादली वाजवत वर विचारायच्या, "तात्या, उठलं का तुमचं यंत्र? त्याला म्हणावं, एखादा हंडा घेऊनच ये."

तात्या रागावत नसत. त्यांच्या मते कॉम्प्युटर हा एक खडूस साहेब होता. तो त्रुटी काढणारच. पडद्यावर तांबड्या अक्षरांत काही उमटलं की ते समाधानानं म्हणायचे, "काढली त्रुटी." मग माझं दार वाजायचं. मंचावरच्या उत्तराला ते 'शेरा' म्हणत. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, की नमस्काराच्या आधी प्रश्न, "बाई, शेरा आला का?"

पहिल्या अर्जावर शेरा आला तो असा, की प्रश्न बंद करण्यात आला आहे; असाच प्रश्न पूर्वी विचारला गेलेला आहे, तो शोधावा. संध्याकाळी तात्या गॅलरीतून मला म्हणाले, "आधीच आलेला हाय म्हणं. अहो, तहान बी आधी लागलेलीच असती माणसाला. म्हणून काय पुन्हा पाणी मागू नाय?"

दुसऱ्या खेपेला प्रश्न बंद झाला नाही, पण कुणीतरी त्यातला नमस्कार खोडला, 'माननीय' खोडलं, खालची सही खोडली, आणि मी दोन दिवस डोकं खाजवून केलेलं 'लोभ असावा'चं इंग्रजीही पुसून टाकलं. तिथला नियमच तसा आहे. ख्यालीखुशाली, आभार, शुभेच्छा यांची गर्दी नको, मुद्द्याचं तेवढं ठेवा. मला स्वतःला तो नियम आवडला. तुम्हाला माहीत आहे, माझ्या घरात डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या लावलेल्या असतात. तात्यांना मात्र तो कळला नाही. "माणसाच्या दारात जायचं आन् बसा म्हणायच्या आत काम सांगायचं? असं कोणत्या गावात असतंय?" करमाडला तरी नसतं, हे मला मान्य करावं लागलं. ते मूळचे करमाडचे. शेती भावाकडे.

आणि मग एक दिवस खंड्याचा शेरा आला.

त्या मंचावर लोक टोपणनावं घेतात आणि नावापुढे एखादं चित्र लावतात. या खंड्यापुढे कुत्र्याचं, हातानं काढलेलं, जरा वाकडंच चित्र होतं. त्यानं लिहिलं होतं, 'एक कंस उघडा राहिलाय. बाकी छान आहे. यात लाजण्यासारखं काही नाही, सगळे इथेच अडतात.' मी मराठीत वाचून दाखवलं. तात्या म्हणाले, पुन्हा वाचा. मग म्हणाले, फक्त शेवटचं वाचा. मग चष्मा काढून पुसत बसले, आणि तो पुसायची काही गरज नव्हती.

तेव्हापासून त्यांनी खंड्याशिवाय कुणाचा शेरा मानला नाही. दुसऱ्या कुणी अगदी बरोबर उत्तर दिलं तरी हे आपले, "राहू द्या, घाई काय हाय." मला चीड यायची. प्रश्नाला उत्तर मिळालं की प्रश्न संपला, ही माझी शिस्त. मी विचारलंही, हा खंड्या कोण लागून गेला? ते म्हणाले, असंल कुणीतरी भला माणूस.

तात्यांना एक मुलगा आहे, नितीन. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. तोही तुमच्यासारखाच तिकडे परदेशात, कॉम्प्युटरमध्येच. या सगळ्याच्या आधी तात्यांच्या पत्नी कौसल्याबाई गेल्या, तेव्हा त्याला निरोप कळून तो पोचेपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता. सगळं उरकलं होतं. तो बॅग घेऊन दारात उभा राहिला. आत सतरंजीवर माणसं बसलेली, त्यात मीही होते. तात्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "आता कशाला आला? तुझ्यावाचून काई अडलं नाय."

नितीन दिवसकार्य होईपर्यंत राहिला आणि गेला. त्यानंतर त्या घरातला फोन त्याच्यासाठी वाजलेला मी ऐकला नाही. भिंतीला भिंत आहे, ऐकू आलं असतं.

तर प्रश्न चालू राहिले. दर आठवड्याला अर्जदार अडायचा आणि खंड्या सोडवायचा. इतक्या शांतपणे की मला माझेच वर्ग आठवून ओशाळायला व्हायचं. एका बुधवारी मी दुरुस्त केलेलं इंग्रजी घेऊन गेले, तर कॉम्प्युटर चालू होता आणि तात्या खाली टँकरपाशी. पडद्यावर 'उद्या' नव्हतं. 'गुरुवार सकाळ' होतं. तांबडं अक्षर एकही नाही. गुरुवारी सकाळी नळ आला. शकुंतलाबाईंनी खालून ओरडून यंत्राला नमस्कार सांगितला.

मी अभिनंदन करायला गेले. तात्या पाठमोरे बसले होते. त्यांनी तो चालणारा प्रोग्राम वरून खाली बोट फिरवत वाचला, एका ओळीवर थांबले आणि एक कंस खोडला. मग बटण दाबलं. पडदा तांबडा झाला.

"काढली त्रुटी," ते म्हणाले.

"तात्या, चालत होतं ना ते?"

ते दचकले नाहीत. "चालत व्हतं."

"मग मोडलं कशाला?"

"चालत्या मशीनचा प्रश्न कसा विचारायचा, बाई?"

मी स्टुलावर बसले. त्यांनी पडद्यावर मंच उघडला आणि त्या वाकड्या कुत्र्यावर बोट ठेवलं. "खंड्या आमच्या कुत्र्याचं नाव. करमाडला असताना. नितीन शाळेतून येईस्तोवर फाटकातून हलायचा नाय."

खंड्या नावाची कुत्री पुष्कळ असतील, असं मी म्हटलं. ते म्हणाले, डावा कान बघा. चित्रातल्या कुत्र्याचा डावा कान अर्धा तुटका होता. इतके महिने मी त्याला चित्रकाराची चूक समजत होते.

मी म्हटलं, मग कळवा त्याला. मी लिहून देते, आत्ता देते. त्यांनी मान हलवली. "कळलं की बंद करंल. अनोळखी हाय तवर बोलतो तरी." मग पडद्याकडेच बघत, "अडलं नाय म्हणून मीच सांगितलं व्हतं त्याला. आता दर हप्त्याला सांगतो, अडलंय. शेरा देतो बिचारा."

मी तो प्रश्न लिहून दिला. मुद्दाम मोडलेल्या वस्तूची तक्रार लिहायची माझी ती पहिलीच वेळ. नंतर सवय झाली.

पण खंड्या हुशार निघाला. कुणाचा मुलगा. काही आठवड्यांनी त्यानं लिहिलं, 'ही चूक तुम्ही पूर्वी स्वतः दुरुस्त केली आहे. आता तुम्हाला हे सगळं येतं. माझी गरज उरलेली नाही. इथे नवीन लोक अडलेले असतात, त्यांना मदत करा.' चांगल्या शिक्षकानं लिहावं तसंच होतं ते. मी मराठीत सांगताना 'माझी गरज उरलेली नाही' हे वाक्य गाळायचं ठरवलं होतं. तात्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, सगळं वाचा. मी वाचलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "माझंच वाक्य परत आलं."

चार दिवस त्यांनी दूध घेतानासुद्धा शेरा विचारला नाही. पाचव्या दिवशी कागद घेऊन आले. त्यात प्रोग्राम नव्हता. 'तिकडं पाणी बरं हाय का. जेवायला काय असतं. रात्री लवकर निजावं.' बस. अर्जाचा नमुना नाही, विषय नाही. मला माहीत होतं या प्रश्नाचं काय होणार. तरी मी तो शक्य तितक्या सोप्या इंग्रजीत लिहिला आणि तात्यांनी तो मंचावर टाकला. आम्ही दोघं पडद्यासमोर बसून राहिलो. चहा गार झाला. शेरा आला, कुणा परक्याचा : 'हा प्रश्न या मंचाच्या विषयाबाहेरचा आहे. बंद.' थोड्या वेळानं प्रश्न तिथून दिसेनासाही झाला. खंड्यानं तो पाहिला की नाही, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

मला वाटलं, संपलं. कॉम्प्युटरवर आता कापड पडणार. तर पुढच्या सोमवारी दार वाजलं. तात्या दाढीबिढी करून उभे होते. त्यांनी मंचावर दुसरं नाव घेतलं होतं आणि अगदी पहिला धडा उघडला होता, बेरीज करायचा. त्यातही एक कंस काढून ठेवलेला.

"नवशिक्याशी लई गोड बोलतो तो," म्हणाले. "आता मी काहीच येत नसलेला माणूस. तुमचं इंग्रजी बी थोडं कच्चं करा, बाई. वळखू येतं."

मी आयुष्यात कधी इंग्रजी कच्चं केलं नव्हतं. केलं. दुसऱ्या दिवशी खंड्याचं उत्तर आलं : 'एक कंस उघडा राहिलाय. बाकी छान आहे.' तात्यांनी ते मला वाचायला लावलं, आणि दोनदा लावलं. जे काही शिकले होते ते सगळं बाजूला ठेवून हा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसला, आणि तिथे त्याला बरं वाटत होतं. खाली टँकर आला होता, माणसं भांडत होती. तात्यांच्या यंत्रानं आज टँकर लागेल असं आदल्या दिवशीच सांगितलं होतं, पण विचारायला कुणी वर आलं नव्हतं.

अजून असंच चालू आहे. आता पाऊस बरा होतो, नळही येतो, पण अर्जदार अडलेलाच आहे. नावं संपली की नवीन घेतात. मी प्रत्येक प्रश्नाखाली 'लोभ असावा' लिहिते. त्याचं इंग्रजी मला अजून नीट जमलेलं नाही, दर वेळी वेगळं करून बघते. तासाभरात कुणीतरी येऊन ते पुसून टाकतं. एकदा मी तात्यांना म्हटलं, राहणार नाही हे ठाऊक असताना लिहायचं कशाला?

"पुसणारा कधी तो बी असंल," तात्या म्हणाले. "आन् पुसायच्या आधी वाचावं तर लागतंच की."