सुमतीकाकूंची नोकरदार टीम

माणूस चांगला की वाईट, हे आमच्या सुमतीकाकू एकाच प्रश्नावर ठरवतात : "पोटापाण्याचं काय?" कुणाचा नवा जावई असो, टीव्हीवर गाणारा मुलगा असो, नाहीतर समुद्रापलीकडे लॅक्रोस खेळणारा सहा फुटी कॅनेडियन असो. यातलं शेवटचं मी रचून सांगतोय असं वाटेल, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

इंग्लंडमध्ये, लंडनजवळच्या स्लाऊ गावी काकूंच्या घरी वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होतो. पुण्याहून कंपनीच्या परमिटवर आलेला सॉफ्टवेअरवाला. काकू शाळेच्या कँटीनमधून रिटायर झालेल्या, मूलबाळ नाही, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. खोली दाखवण्याआधी त्यांनी माझ्या पगाराच्या तीन स्लिपा चष्मा लावून वाचल्या होत्या. "चेहऱ्यावरून बरा वाटतोस, पण कागद बघितलेला बरा," असं वर ऐकवलंही होतं.

लॅक्रोस त्या घरात मीच आणलं. आमच्या ऑफिसातल्या गॉर्डन नावाच्या कॅनेडियनने फँटसी लीग काढली. खरे खेळाडू तिकडे अमेरिका-कॅनडात खेळणार, आपण इकडे त्यांच्यातून कॉम्प्युटरवर आपली टीम निवडायची. त्यांनी गोल केला, पास दिला, सुटलेला चेंडू उचलला, की पॉइंट आपल्याला. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट दुप्पट. आठ जण लागत होते आणि मिळाले सात. मी आठवं नाव काकूंचं ठोकून दिलं, त्यांना न विचारता.

मग त्यांना खेळ दाखवणं आलं. काठीच्या टोकाला जाळी, जाळीत चेंडू, आणि तो घेऊन धावणाऱ्याला बाकीचे धडका देतायत. काकूंनी दोन मिनिटं पाहिलं.

"चहाच्या गाळण्या घेऊन मारामारी करतायत. आणि ह्यांच्या पोटापाण्याचं काय?"

"ह्याच्यात फार मिळत नाही काकू. मॅच वीकेंडला असतात. सोमवारी सगळे आपापल्या नोकरीवर."

काकू खुर्चीत सरसावून बसल्या. त्या संध्याकाळी त्यांनी एकेका खेळाडूची माहिती काढायला लावली. गॉर्डन गोल मोजून माणसं घेत होता, काकू नोकरी बघून. एक शाळामास्तर घेतला, एक आगीच्या बंबावरचा, एक विमा कंपनीतला. खरी नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून ते मास्तर, बंबवाला आणि विमेवाला झाले. लीगमधल्या सगळ्यात धडाकेबाज खेळाडूच्या माहितीत नुसतं 'प्रवासाची आवड' असं लिहिलं होतं. "उनाड आहे," म्हणून काकूंनी त्याला बाद केलं.

आम्ही सगळे हसलो, आणि मग हसू आवरलं. बंबवाल्याची शिफ्ट असली की तो बाहेरगावच्या मॅचला जायचाच नाही. ज्यांनी त्याला डोळे मिटून घेतलेलं त्यांच्या पदरी शून्य, आणि काकूंनी त्याला आधीच बाकावर बसवलेलं. मास्तराच्या शाळेची वेबसाइट वाचून त्या म्हणायच्या, "ह्या शुक्रवारी त्याच्याकडे पॅरेंट्स ईव्हनिंग आहे, दमलेला असणार. ह्या वीकेंडला नको." महिनाभरात काकू तिसऱ्या आणि मी सातवा. गॉर्डन मला विचारायचा, तुझी लँडलेडी कुठल्या क्लबची कोच होती का?

मार्चमध्ये आमच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. परमिट कंपनीचं, तेव्हा दुसरी नोकरी लवकर मिळाली नाही तर सरळ घरचा रस्ता. पण मला त्याहून जास्त धास्ती होती ती काकूंची. त्यांच्या त्या एका प्रश्नाला आता माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यांनी खोली सोडायला सांगितली तर बॅग घेऊन जायचं कुठे, हेही ठाऊक नव्हतं. मी रोज सकाळी शर्ट खोचून नेहमीच्या वेळेला निघायचो आणि लायब्ररीत पेपर वाचणाऱ्या म्हाताऱ्यांमध्ये बसून अर्ज लिहायचो. असे तीन आठवडे गेले.

काकूंच्या टीममध्ये एक डिफेंडर होता, कारखान्यात कामाला. एक दिवस क्लबच्या साइटवर वाचलं, की तो कारखाना बंद पडला. मी संध्याकाळी खडा टाकून पाहिला.

"काकू, तुमच्या कारखानेवाल्याची नोकरी गेली. काढणार ना आता?"

काकूंनी हातातली कणीक तशीच ठेवली, हात धुतले, कॉम्प्युटरशी जाऊन बसल्या आणि त्याला कॅप्टन केलं.

"अहो काकू, तो डिफेन्सला असतो. गोल मारत नाही. दोन-तीन पॉइंटांची दुप्पट ती किती?"

"असू दे. नोकरी गेलेल्या माणसाला घरात बसवून ठेवायचं नसतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि तू मंगळवारी सकाळी अकराला टीम बदललीस. साइटवर टाइम येतो. तुमच्या ऑफिसात तर ती साइट ब्लॉक आहे म्हणाला होतास."

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. काकूंनी मध्येच थांबवलं. "लायब्ररीत हीटिंग बरं नाही. उद्यापासून इथे डायनिंग टेबलवर बस." माझा जीव भांड्यात पडला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मला कडकडून भूक लागली.

पोळ्या लाटता लाटता मग त्या बोलल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी यजमानांची इथल्या फॅक्टरीतली नोकरी गेली होती. "मला लाज वाटली रे. इथल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना सांगितलं, हे इंडियाला गेलेत. मग काय, ह्यांना वर, तुझ्या त्या खोलीतच बसावं लागलं. सहा आठवडे. फोन उचलायचा नाही, खिडकीशी यायचं नाही. खाली बायका चहा प्यायच्या आणि हे वर, चालल्याचा आवाज नको म्हणून पलंगावर बसून. नंतर लागली नोकरी. पण ह्यांचं बोलणं कमी झालं ते झालंच. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही कधी."

त्या शनिवारी काकूंकडे भजन होतं. पंधराएक बायका जमणार. पहिली बेल वाजली तसा मी लॅपटॉप उचलून जिन्याकडे निघालो.

"वर कुठे? खाली बस," काकू म्हणाल्या.

सगळ्या आल्यावर त्यांनी मला खुर्चीतून उठवलं आणि कँटीनमध्ये मुलांना रांगेत उभं करायच्या आवाजात सांगितलं, "हा आमचा अभिजित. ह्याची नोकरी गेलीय. हुशार आहे, कष्टाळू आहे. कुणाच्या ऑफिसात काही असलं तर मला फोन करा."

मला वाटलं होतं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण बायका कामालाच लागल्या. एकीचा जावई रेडिंगला कॉम्प्युटरमध्ये होता, दुसरीने पर्समधून पेन काढून माझा ईमेल लिहून घेतला, तिसरी विचारत होती मी जेवलो का. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही.

काकूंनी टाळ हातात घेतले. पण सुरुवात करण्याआधी त्या उठून जिन्याच्या पायथ्याशी गेल्या, आणि वरच्या खोलीचं दार सताड उघडं आहे ना ते बघून आल्या.