भर भाषणात उठलेली सुगरण

एका जंगलात, कुठल्या ते विचारू नका, त्रिपुरी पौर्णिमेला घरोघरी कंदील लावायची पद्धत होती. बिळाला कंदील, ढोलीला कंदील, घरट्यालाही कंदील. घर वाळल्या गवताचं, कंदील कागदाचा, आत तेलाची पणती. नीट बसा पोरांनो. हसायचं कुठे ते मी सांगणार नाही.

आदल्या वर्षी लाव्याचं घर कंदिलासकट जळालं होतं. लाव्याने फार आरडाओरडा केला. सिंहमहाराजांनी मनावर घेतलं. कंदील बंद करावेत असं कोणीच म्हणालं नाही. त्याऐवजी अग्निसुरक्षेवर जाहीर कार्यक्रम ठेवला. पौर्णिमेलाच, दिवेलागणीला, वडाखाली. जो गैरहजर राहील त्याच्या घरी महाराज स्वतः भेटीला जाणार होते. त्यामुळे उपस्थिती चांगली होती.

नाल्यावरच्या बाभळीवर चंद्री सुगरण राहायची. घरट्यात तीन पिल्लं, अजून पंख न फुटलेली. नवरा पलीकडच्या फांदीवर दुसरीसाठी घरटं विणत होता. त्यांच्यात ते चालतं. तुमच्यात चालत नाही, लक्षात ठेवा.

निघताना चंद्रीने दाराशी टांगलेल्या कंदिलाकडे पाहिलं. वारा गार होता आणि कंदील घरट्याच्या शेपटाला, म्हणजे खाली लोंबणाऱ्या दाराच्या नळीला, घासत होता. घरात मोठं कोणी नाही, पणती विझवून जावं, असं तिच्या मनात आलं. तिने चोच पुढे केली. तेवढ्यात शेजारच्या होलाकाकूंनी हटकलं.

"अगं, सणाचा दिवा फुंकर मारून विझवतात का? घरात अवदसा आणायचीय?"

"मग काय करू, काकू?"

"काही करू नकोस. तेल संपलं की आपोआप शांत होईल. चल, पुढची जागा मिळायची नाही."

चंद्री लेकुरवाळी. ती अवदसेला भ्याली, आगीला नाही. गेली.

अग्निसुरक्षेच्या कार्यक्रमाची सुरुवात दीपप्रज्वलनाने झाली. समई पेटेना, म्हणून आणखी तेल ओतलं. मग हार, मग नारळ, मग शाली. सूत्रसंचालन साळुंकीकडे होतं. ती दोन वाक्यांच्या मधे श्वास घेत नसे. प्रमुख पाहुणे हत्तीसाहेब. आग कशी विझवावी याचं प्रात्यक्षिक ते दाखवणार होते, म्हणून सोंडेत पाणी भरूनच आले होते. सोंड भरलेली, त्यामुळे त्यांना बोलता येईना. इतकं चांगलं भाषण त्या जंगलात पूर्वी कधी झालं नव्हतं.

मग महाराज अध्यक्षीय भाषणाला उभे राहिले. घरात पेटता दिवा एकटा सोडू नये, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या सगळ्यांच्याच घरी दिवा एकटा होता.

तेव्हा चंद्रीला बाभळीकडे धूर दिसला.

ती साळुंकीकडे धावली. हत्तीसाहेबांना लगेच पाठवा, नाला इथून जवळच आहे, म्हणाली. साळुंकीने कार्यक्रमपत्रिका पाहिली.

"प्रात्यक्षिक अध्यक्षीय भाषणानंतर आहे, ताई."

"माझी पिल्लं आहेत आत."

"लहान मुलांचा कार्यक्रम त्याच्याही नंतर."

चंद्री हत्तीसाहेबांपुढे गेली. साहेबांनी डोळ्यांनीच महाराजांकडे खूण केली. साहेब शिस्तीचे.

चंद्री उडाली. भर भाषणात.

कंदील जळत होता आणि घरट्याच्या शेपटानेही पेट घेतला होता. तिने कंदिलाचा दोरा चोचीने तोडला. कंदील नाल्यात पडला आणि चुर्र झालं. मग तिने पेटलेलं शेपूट ओरबाडून खाली टाकलं. चोच भाजली. छातीची पिसं करपली. घराला दार उरलं नाही. आत पिल्लं ठसकत होती. तिन्ही. ती त्यांच्यावर पंख पसरून बसली आणि त्यांना पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

इकडे भाषण संपलं. आग विझून गेलेली. आता प्रात्यक्षिक कशावर करायचं, असा पेच पडला. हत्तीसाहेबांनी सोंडेतलं पाणी समईवर सोडलं. समई विझली. साहेबांना आणखी एक नारळ मिळाला.

दुसऱ्या दिवशी चंद्रीला बोलावणं आलं. महाराजांचं बोलणं चालू असताना उठली हा एक गुन्हा, सणाचा दिवा विझवला हा दुसरा. साक्षीला होलाकाकू.

"दिवा का विझवलास?" महाराजांनी विचारलं.

भाजलेल्या चोचीने फार बोलवत नव्हतं. तिने थोडक्यात सांगितलं.

"मी दिवा नाही विझवला, महाराज. घर विझवलं."

महाराज विचारात पडले. घर विझवू नये असा रिवाज कुठेच नव्हता. त्यामुळे चंद्रीला नुसती समज देऊन सोडलं. असा रिवाज असावा का, हे ठरवायला समिती नेमली. अध्यक्ष हत्तीसाहेब.

तात्पर्य: आग अध्यक्षीय भाषण संपल्यावरच लागावी. आधी लागलीच, तर जागेवर बसून जळू द्यावं. आभारप्रदर्शन चुकवून वाचवलेली पिल्लं पुढे बेशिस्त निघतात.