रिकॉलचा मान

बोलावणे येणे आणि परत बोलावणे येणे यांत फार मोठा फरक आहे. बोलावणे कुणालाही येते. लग्नाचे येते, बारशाचे येते, तलाठ्याचे येते आणि वेळ भरली की वरूनही येते. परत बोलावणे मात्र त्यालाच येते, ज्याच्यावाचून तिकडे काहीतरी अडलेले असते. सातारा-सांगली भागात हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. इथे घरटी एक माणूस पलटणीत असतो (दोन असले तर तिसरा केवळ ऊस तुटायचा आहे म्हणून घरी ठेवलेला असतो) आणि पेन्शनीत आलेल्या फौजीला लढाईसाठी पुन्हा बोलावले की त्याला 'रिकॉल' म्हणतात. हा शब्द इंग्रजी आहे असे इथे कुणी म्हणाले तर लोक त्याला हसतील.

शिराळ्याजवळच्या एका गावातल्या हवालदार केरबाने बावीस वर्षे फौजेत ट्रक चालवला आणि पेन्शनीत आल्यावर स्वतःचा ट्रक घेतला. एकाहत्तर साली लढाई लागली तेव्हा त्याच्या बरोबरीचे सुभेदार सयाजीराव यांना रिकॉल आला. केरबाला आला नाही. तो ट्रंक भरून, बुटांना पॉलिश करून पोस्टाच्या कट्ट्यावर बसून राहिला. लढाई दोन आठवड्यांत संपली, हा त्याला शत्रूचा निव्वळ उतावळेपणा वाटला. सयाजीराव कुठल्याशा डेपोत ब्लँकेटे मोजून परत आले, पण रिकॉल तो रिकॉल. पुढे ते सातारा-सांगली ट्रकमालक संघाचे अध्यक्ष झाले आणि ते आले की लोक उठून उभे राहू लागले. केरबा आला की लोक नुसते सरकून बसायला जागा देत. हे त्याला फार लागे. जेवताना सयाजीरावांचे नाव निघाले की त्याची अर्धी भाकरी ताटात तशीच राही.

अशा परिस्थितीत चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात ट्रक तयार करणाऱ्या कंपनीचे रजिस्टर पत्र आले. पत्र इंग्रजीत होते. शाळेतल्या हरी मास्तरांनी ते वाचून मराठीत सांगितले ते असे: "सदर चेसिस क्रमांक ४१७ या वाहनास सुरक्षेच्या कारणास्तव रिकॉल करण्यात येत आहे. स्टिअरिंगच्या दांड्यातील पिन सदोष असून ती तुटल्यास चालक वळवील एकीकडे व वाहन जाईल दुसरीकडे. (हे वर्णन वाचताना मास्तरांना गावची सोसायटी आठवली.) तरी वाहन सांगलीच्या एजंटाकडे हजर करावे. पिन विनामूल्य बदलून मिळेल."

केरबाने पहिले वाक्य ऐकले आणि तो उठून उभा राहिला. बाकीची वाक्ये त्याने उभ्याउभ्याच ऐकली, म्हणजे ऐकली नाहीत.

"पिनीचं जाऊ द्या मास्तर," तो म्हणाला. "फौजंत हुकमात खरं कारन लिवत न्हाईत. बटाटं आनाय निघायचंय म्हून सांगत्यात, आन् सकाळी बघावं तर बॉर्डर. सुरक्षंचं काम हाय. रिकॉल आलाय."

त्याची बायको मनुबाई दारात उभी राहून सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "आवं, मास्तर सांगत्यात ती पिन मोडती म्हून. आठ दिसांवर आपल्या बनूचं लगीन. एकेचाळीस बायका मेढ्याला न्यायच्यात, घाटाच्या वाटंनं. ती पिन बदलल्याबिगर मी एका बाईला गाडीत चढू द्यायची न्हाई."

हे म्हणणे बरोबर होते, पण त्यात प्रसंगाचे गांभीर्य नव्हते. केरबाने गाडी धुतली, रेडिएटरला हार घातला, छातीवर पदके लावली आणि गावाने वाजतगाजत चेसिस क्रमांक ४१७ला वेशीपर्यंत पोचवले. काही म्हाताऱ्यांनी गाडीच्या टपाला हात लावून "सुखरूप परत ये" असेही म्हटले.

सांगलीत पोचल्यावर असे दिसून आले की, दोन्ही जिल्ह्यांत मिळून चौदा गाड्यांना रिकॉल आला आहे. संघाकडे नोंदलेल्या गाड्या दोनशे बारा. म्हणजे एकशे अठ्ठ्याण्णव गाड्यांना कंपनीने विचारलेसुद्धा नव्हते. त्यांत अध्यक्षांची गाडी होती, तिन्ही उपाध्यक्षांच्या होत्या आणि संपूर्ण कार्यकारिणीची एकही गाडी सदोष निघाली नव्हती. एवढा उघड पक्षपात सहन करणे संघाला शक्य नव्हते. हळदीच्या पेठेत तातडीची सभा भरली. चौदांपैकी नऊ गाड्या सांगलीच्या व पाचच साताऱ्याच्या, म्हणून साताऱ्याच्या सभासदांनी सभात्याग केला आणि बाहेर उकडत असल्याने ते परत आले. त्यानंतर पुढील ठराव एकमताने पास झाला: "सदोष असण्याचा मान मूठभरांच्या हाती एकवटणे ही सभा निषेधार्ह समजते. पिनांचे वाटप समाजवादी समाजरचनेस धरून, सर्व थरांत व्हावे."

कंपनीचे एजंट गंगाधरपंत हे समजूतदार गृहस्थ होते. कंपनीकडून त्यांना चौदा पिना आल्या होत्या, गाड्याही चौदाच होत्या आणि यात वाटप करण्यासारखे काही आहे असे त्यांना प्रथम वाटले नाही. संघाच्या शिष्टमंडळाने त्यांची समजूत घातली. मग वाटप झाले ते असे: अध्यक्षांस एक, उपाध्यक्षांस तीन, चिटणीस व सहचिटणीस यांस मिळून दोन, तालुक्यांच्या प्रतिनिधींस पाच, महिलांसाठी राखीव एक (एकाही महिलेचा ट्रक नसल्याने ती पहिल्या उपाध्यक्षांनी सांभाळण्यास घेतली) आणि पुढेमागे कुणी मंत्री आले तर त्यांना अर्पण करण्यासाठी एक. सयाजीरावांची गाडी वेगळ्या बनावटीची असल्याने पिन तिच्यात बसेना. ती त्यांनी घरी काचेच्या पेटीत, पदकाशेजारी ठेवली.

आता प्रश्न राहिला तो प्रत्यक्ष रिकॉल झालेल्या चौदा गाड्यांचा. पण त्यांना रिकॉलचा मान आधीच मिळालेला होता आणि एकाच घरात दोन-दोन मान जाणे वरील ठरावात बसत नव्हते. तरीही संघाने मन मोठे करून प्रत्येक मालकाला शाल, नारळ आणि चौकटीत बसवलेले प्रमाणपत्र दिले. 'सदर वाहनास सुरक्षेसाठी रिकॉल करण्यात आलेले आहे', असे त्यावर सोनेरी अक्षरांत छापले होते. सयाजीरावांनी ते केरबाच्या हातात देताना सर्वांसमक्ष म्हटले, "केरबा, गड्या, आता तू आन् मी बरूबर." सयाजीरावांच्या शेजारी खुर्ची होती आणि ती त्याच्यासाठी ठेवलेली होती. त्या दिवशी तो त्या खुर्चीवर जितका सुखी होता तितका बनू जन्मली तेव्हाही नव्हता, आणि हे मनात आल्यावर त्याला जरा लाजही वाटली.

वर दिलेल्या यादीची बेरीज केल्यास ती तेरा भरते. चौदावी पिन गंगाधरपंतांनी टेबलाच्या खणात मागे सारून ठेवली होती. सगळे गेल्यावर त्यांनी केरबाला आत बोलावले.

"तुमच्या मुलीचं लग्न आहे असं ऐकलं. गाडी लावा आत, अर्ध्या तासात बसवून देतो."

"लय उपकार झालं पंत. पर पिन बसवल्यावर रिकॉलचं काय?"

"काय म्हणजे? कार्डावर 'निकाली' असा शिक्का मारायचा आणि यादीतून नाव कमी करायचं. काम झालं."

"म्हंजे मग गाडी रिकॉलची ऱ्हात न्हाई?"

"नाही. मग ती साधी गाडी."

केरबाने हातातल्या चौकटीकडे पाहिले. मग त्याने ती बोटभर पिन रुमालात बांधून खिशात घातली आणि लग्न उरकल्यावर सवडीने बसवतो असे सांगितले. चौदा गाड्यांपैकी पिन मिळालेली ही एकमेव गाडी, तीही पिन खिशात ठेवून सांगलीहून निघाली.

घरी आल्यावर प्रमाणपत्र सगळ्या गावाने पाहिले. मनुबाईने पाहिले नाही. तिने विचारले, "पिन बदलली?"

"बदलली."

"जुनी दावा बगू."

असा प्रश्न फौजेत बावीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. केरबाने खिशातून रुमाल काढला आणि नवी पिन तिच्या हातावर ठेवली.

"ही तर कोरी करकरीत हाय. हिला काय झालंय?"

"दोष आत असतोय गं. वरनं दिसत न्हाई," केरबा म्हणाला. तो खरेच बोलला होता, फक्त पिनेविषयी नव्हे.

"एकेचाळीस जनींच्या जिवावर उठली व्हती सटवी," असे म्हणून मनुबाई परड्यात गेली आणि पिन तिने विहिरीत भिरकावली. डुबुक असा आवाज त्याला चांगला ऐकू आला. पुढचे चार दिवस त्याला दुसरे काही ऐकू आले नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी एकेचाळीस बायका गाडीत चढल्या. नवरी आईबरोबर केबिनमध्ये बसली. मनुबाईने चाकापुढे नारळ फोडला, गाणी सुरू झाली आणि तिने मागच्या शेजारणीला ओरडून सांगितले, "अंबूबाई, निवांत बसा! ह्यांनी पिन बदलून आनलीया, म्हून तर मी लेकीला बसवलंय!"

केरबाने किल्ली फिरवली. इंजिन सुरू झाले. त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, क्लच दाबला, पण गिअर टाकवेना. बर्फातल्या वाटांवर दारूगोळा नेताना असे कधी झाले नव्हते. शेजारी हळदीने पिवळी झालेली बनू बसली होती आणि पुढे मेढ्याच्या घाटाची वळणे होती. केरबाला स्वतःची इतकी शिसारी आली की त्याने इंजिन बंद केले आणि तो खाली उतरला.

"उतरा समद्याजनी," तो म्हणाला. "पिन बदलल्याली न्हाई."

गाणे मध्येच तुटले. मनुबाईने विचारले, "मग मी हिरीत टाकली ती कंची?"

"नवी."

मनुबाईने गोठ्यात जाऊन मोटेचा नाडा आणला आणि त्याच्यापुढे टाकला.

"उतरा हिरीत."

पुढील कारवाई पूर्ण शिस्तीत पार पडली. पदके काढून ठेवून हवालदार केरबा कमरेला नाडा बांधून विहिरीत उतरले. वर नाडा एकेचाळीस बायका, नवरी आणि मनुबाई यांनी धरला होता. उन्हाळ्यामुळे पाणी छातीइतकेच होते. चिखल चाचपताना सापडलेल्या वस्तू येणेप्रमाणे: घागरी दोन, कळशी एक (अंबूबाईची, तिच्या चोरीवरून दोन घरांत चार वर्षे बोलणे बंद होते), कुदळ एक आणि ग्रामपंचायतीचा हरवलेला शिक्का (तो विचारान्ती पुन्हा पाण्यात टाकण्यात आला). सातव्या बुडीला पिन सापडली.

ओल्या कपड्यांनिशी गाडीखाली शिरून केरबाने जुनी पिन काढली. तिच्यावर हातोडीचा एक हलका टोला दिला, तर तिचे खडूसारखे दोन तुकडे झाले. ते तुकडे हातात घेऊन तो चाकाला टेकून खालीच बसला. फौजी माणूस असल्याने तो रडला नाही, असे नंतर सांगण्यात आले. मनुबाईने त्याचे तोंड पदराने पुसले ते विहिरीच्या पाण्याने भिजले होते म्हणून. मग त्याने नवी पिन बसवली, गाडी सोडली आणि घाट चढून-उतरून बरोबर गोरज मुहूर्तावर वऱ्हाड मेढ्यात उतरवले.

महिन्याभराने कंपनीचे कार्ड आले. रिकॉलच्या चौदा गाड्यांपैकी चौदांना पिना बसवण्यात आल्या असून मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली आहे, सबब यादी रद्द करण्यात येत आहे, असे त्यात होते. सगळ्या मोहिमेत ज्या एका गाडीला खरोखर पिन बसली, ती विहिरीमार्गे बसली, ही नोंद कंपनीकडे नव्हती. केरबाने उरलेल्या तेरा मालकांना तेरा कार्डे टाकली: 'पिन मोडती. मी डोळ्यांनी बघितली. गाडी उभी करा.' उत्तरे तीन आली. एकाने मुलीच्या लग्नाबद्दल आशीर्वाद कळवले होते. दुसऱ्याने विचारले होते की, केरबाच्या प्रमाणपत्राची चौकट सागवानी आहे की साधी. तिसऱ्याने केरबाला आपला मत्सर वाटतो, असे स्पष्ट लिहिले होते. केरबाचे स्वतःचे प्रमाणपत्र सध्या मनुबाई अंगणात पापड वाऱ्याने उडू नयेत म्हणून वापरते.

बाकीच्या तेरा गाड्या मात्र आजही धावत आहेत आणि त्या ओळखायला अगदी सोप्या आहेत. पुढच्या काचेला आतून सोनेरी अक्षरांची चौकट लावलेली असते. एखाद्या दिवशी तुमची एसटी चुकेल, ऊन मी म्हणत असेल, आणि यांतलीच एक गाडी शेजारी येऊन थांबेल. चौकटीवरचा मजकूर तुम्ही वाचालच, कारण तुम्ही वाचणारे आहात. वरची ही सगळी हकिगतही तुम्हाला आठवेल, हसूही येईल. मग तुम्ही धोतर किंवा पँट सावरत ड्रायव्हरला एवढेच विचाराल, "केबिनमध्ये जागा आहे का?"