लिंबाचा डाग

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की आमचे भाऊजी म्हणायचे, "बसा. पहिले खोट आयका." राम राम त्यानंतर.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मारोतराव. गोंदियाच्या बाजारात, घराच्याच पुढच्या खोलीत, त्यांचं जुन्या चाकू-सुऱ्यांचं दुकान होतं. स्वराज्य आलं तसे साहेबलोक सामान विकून गेले. पुढे मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, गेली आणि मालगुजारांच्या भिंतींवरच्या कट्यारीही खाली उतरल्या. हा सगळा माल भाऊजींकडे यायचा आणि हौशी लोक बैठकीत टांगायला तो घेऊन जायचे. म्हणजे, भाऊजींनी नेऊ दिला तर.

त्यांचा नियमच उफराटा. विकायला आलेल्याला वस्तूचे गुण सांगायचे आणि घ्यायला आलेल्याला खोट. कुणी गंजकी सुरी भंगार म्हणून आणली की हे म्हणणार, "अरे, पोलाद पाय हे. भंगारात कायले टाकतं?" तो खूश होऊन सुरी घरी परत न्यायचा. आणि शेठजी घ्यायला आले की, "शेठजी, पाता पुराना है, मूठ मैंने बैठाई है. प्रतापगड के किले की नहीं है. बोलो, क्या सुना?" ऐकलेली खोट गिऱ्हाइकानं परत म्हणून दाखवल्याशिवाय माल हातात मिळत नसे.

"अशानं धंदा होतो का भाऊजी?" मी एकदा चिडून विचारलं.

"उद्या तो पाहुण्याले सांगन, किल्ल्यावरची हाये म्हून. मंग खोटं कोन बोललं? मीच ना."



ही खोट काढायची सवय दुकानापुरती असती तर ताईचं काही म्हणणं नव्हतं. पण पहिला घास घेतला की "मीठ कमी." नवं लुगडं नेसली की "काठ उसवून रायला." चांगला शब्द म्हणून तोंडातून निघायचा नाही. एक दिवस ताईचं डोकं फिरलं. "इतके वर्स झाले, यायले माह्यात खोटच दिसते," ती मला म्हणाली आणि पेटी उघडून तिनं लग्नातली कट्यार काढली. आपल्याकडे नवरदेव टोकाला लिंबू खोचून हातात धरतो, तीच. भाऊजी अंघोळीला गेलेले पाहून तिनं ती दुकानातल्या मालात मांडून टाकली. "पाहू दे मले. इकतेत का ठेवतेत."

आणि नेमके त्याच सकाळी नागपूरचे वकीलसाहेब आले. नेहमीचे, हौशी, नजर पक्की. त्यांनी सगळा माल सोडून तीच कट्यार निवडली. "ही द्या."

आतल्या दाराचा पडदा हलला. मागे ताई उभी होती.

भाऊजींनी कट्यार उचलली आणि ओळखली. पडद्याकडे एकदा पाहिलं. मग ती उजेडात नेली, मूठ हलवून पाहिली, चष्मा लावून पातं पुन्हा पाहिलं.

"सांगा खोट," वकील हसत म्हणाले.

"सापडून नाई रायली."

"मग फारच छान."

"छान कायचं साहेब. खोट सांगतल्याबिगर मी इकत नाई. हिच्यात खोटच नाई, तं इकू कशी?"

वकिलांनी टोकावर बोट ठेवलं. "आणि हा काळा डाग? मागच्या वेळी एवढ्याशा डागावर तुम्ही मला अर्धा तास सुनावलंत."

भाऊजी कट्यार फडक्यात गुंडाळू लागले. "ते खोट नाई," ते हळूच म्हणाले. "तो लिंबाचा डाग हाये. आमच्या मांडवातला."

वकील समजले आणि त्यांनी हात मागे घेतला. मला एकदम हायसं वाटलं. मग लक्षात आलं, इतकी वर्षं पेटीत पडलेल्या त्या पात्यावर गंजाचा ठिपका नव्हता. कुणीतरी गुपचूप त्याला तेल लावत आलं होतं आणि तेवढा डाग सोडून देत होतं.

ताई चहा घेऊन बाहेर आली. डोळे लाल होते. भाऊजींनी घोट घेतला.

"साखर कमी हाये," ते म्हणाले.

ताई तोंडाला पदर लावून हसतच सुटली.