गरम की थंड

गाडीतलं मला सगळं कळतं. इतकी वर्षं बसलोय त्या गाडीत, शेजारच्या सीटवर. चालवायची बायको, धुवायची बायको, चाकात हवा भरून आणायची तीच. माझ्याकडे काच खालीवर करण्याचं खातं होतं.

ती गेली आणि गाडी आचके द्यायला लागली. जावईबापूंना यंत्रातलं फार कळतं, कारण त्यांच्याकडे फोन आहे.

"प्लग गेलेत, बाबा. पण आता कशाला दुरुस्त करायची? रविवारी एकजण बघायला येतोय. विकून टाकू."

"आणि रविवारपर्यंत सरळ चालली तर?"

"तर ठेवू," लेक म्हणाली. "आईची गाडी अशी धूळ खात पडलेली बघवत नाही."

"प्लग बदलणं म्हणजे बल्ब बदलणं. मीच बदलतो!" मी जाहीर केलं.

जुना प्लग रुमालात गुंडाळून दुकानात गेलो. दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला.

"नंबर पुसलाय, काका." मग फळीकडे वळत त्याने विचारलं, "गरम की थंड?"

मला भरून आलं. ती गेल्यापासून मला काय हवं, असं कुणी विचारलंच नव्हतं.

"गरम," मी म्हणालो. "साखर कमी."

नेमका त्याच वेळी बाहेर ट्रकने हॉर्न दिला.

त्याने प्लगची खोकी पुढ्यात ठेवली. मी स्टुलावर बसून राहिलो.

"अजून काही?"

"नाही, सावकाश येऊ दे."

तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. शेवटी चहा न पिताच उठलो. हल्ली लोक नुसतं विचारतात.

प्लग बसवले. गाडी एका झटक्यात सुरू झाली. जावईबापूंनी ती मुद्दाम चढावर घातली आणि अर्ध्या चढावर, आत कुणाला कोंडल्यासारखं इंजिन ठोकायला लागलं.

"संपलं इंजिन," जावईबापू समाधानाने म्हणाले.

मी तडक दुकान गाठलं.

"चढावर ठोकतंय? ठोकणारच. गरम प्लग जास्त तापतात. तुमच्या इंजिनाला थंड हवेत. पण तुम्हीच गरम म्हणालात."

"मी चहाचं म्हणालो होतो."

तो हसता हसता टेबलावर आडवा झाला. डोळे पुसून त्याने थंड प्लग माझ्या हातात दिले आणि म्हणाला, "बसा काका. गरम की थंड?"

मी काय दोनदा फसणार?

"थंड," मी ठणकावलं. "एकदम थंड."

बर्फ घातलेला मोठा ग्लासभर सोडा आला. एवढं ठणकावल्यावर प्यावाच लागला.

रविवारी गाडी हूं की चूं न करता चढ चढली. बघायला आलेला माणूस जागच्या जागी घेतो म्हणाला. लेकीने माझ्याकडे पाहिलं.

"बाबा, सांगा ना. द्यायची का?"

सांगायचं पुष्कळ होतं. पण घसा पार बसला होता, आवाज फुटेना. मी मुकाट्याने दार उघडून शेजारच्या सीटवर बसलो आणि काच वर केली.

ते खातं अजून माझ्याकडेच आहे.