मखमली चिलखत

"येत्या रविवारी डोंगर उतरून येईन, आणि अंगावर डास चावल्याची खूणसुद्धा नसेल! लाव पैज!" भिंगरी म्हणाला.

बायकोने पैज लावली नाही. ती हॉस्पिटलात ड्रेसिंगच्या खोलीत नर्स होती. दिवसभर लोकांच्या जखमा पुसून घरी यावं, तर इथे नवरा उघडा बसलेला, रक्ताळलेले हात पुढे करून! मागच्या रविवारी तिने औषध लावता लावता मोजले होते. एक्केचाळीस ओरखडे.

"पैज वगैरे काही नाही," ती म्हणाली. "आता एक जरी नवा ओरखडा दिसला, तर सायकल विकून टाकायची. कबूल?"

"कबूल!" भिंगरी म्हणाला. तो नेहमी आधी कबूल व्हायचा आणि मग विचार करायचा.

भिंगरी हे नाव त्याला शाळेत पडलं, आणि बाईंनीच पाडलं. तो एका जागी बसलेला त्याच्या आईलाही आठवत नव्हता. जेवायचा तोही घरभर फिरत. अशा माणसाने पोटासाठी काय करावं? सोफे शिवावेत! बावीस वर्षं तो लोकांना बसायला मऊ जागा तयार करून देत होता, आणि त्यातल्या एकाही सोफ्यावर स्वतः दोन मिनिटं टेकला नव्हता.

सायकलवर मात्र तो शांत व्हायचा. डोंगराच्या पायवाटेवर, दगडांतून, वळणांतून खाली येताना डोक्यातली सगळी भुणभुण थांबायची. आठवड्यातला तेवढा एक तास त्याला स्वतःची संगत आवडायची. ती सायकल गेली असती तर त्याचं काय झालं असतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि बायकोलाही. म्हणून तर तिने तीच पणाला लावली.

अडचण एवढीच की वाट बुजत चालली होती. दोन्ही बाजूंनी खांद्याएवढी काटेरी झुडपं वाढलेली. त्यातून सायकल काढायची म्हणजे माणसाने आपणहून किसणीवर झोपायचं. त्याने एकावर एक दोन शर्ट घालून पाहिले. दोन्ही फाटले. सायकलच्या दुकानात खास जाड कपडे मिळत होते, पण त्याच्या मापाचे यायला दहा दिवस लागणार होते.

"दहा दिवस!" भिंगरी ओरडला. "दहा दिवसांत मी सोफ्याचे तीन सेट काढतो! माझे कपडे मीच शिवतो की!"

सोफ्यांच्या दुकानात त्याच्या जोडीला त्याचा मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, पण चाळिशी ओलांडलेला आणि स्वभावाने भिंगरीच्या बरोब्बर उलट. प्रश्न विचारला की त्याचं उत्तर चहा संपल्यावर मिळायचं. काम मात्र असं पक्कं की त्याने शिवलेल्या सोफ्यावर पोरं नाचून नाचून मोठी झाली, तरी टाका सुटला नाही.

"दाजी, वरून रेक्झिन लावू," मेहुणा म्हणाला. "काटा घसरतो. पण रेक्झिन संपलंय. परवा येईल."

"परवा कोण थांबतंय? काय आहे शिल्लक?"

शिल्लक होती ती मरून मखमल, सोनेरी पानांची. हॉस्पिटलच्या वेटिंग रूमचे सोफे नुकतेच करून दिले होते, त्यातली उरलेली. आत कॅनव्हास, मधे फोम, वरून मखमल. गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध. हातमोजेही बाहीलाच जोडलेले, ब्रेकसाठी दोन जाडजूड बोटं आणि एक अंगठा. फोम आत सरकू नये म्हणून मेहुण्याने छातीवर सवयीने नऊ बटणं खेचून बसवली, सोफ्याच्या पाठीला बसवतात तशी.

रविवारी सकाळी भिंगरी त्या चिलखतात पाठीमागून शिरला. मेहुण्याने विचारलं, "मागे चेन लावू?"

"चेन शोधणार कधी, लावणार कधी? आणि चेनीत काटे अडकतात! सोफा बंद करतो तसं कर ना, पटकन!"

सोफ्यात फोम भरून झाला की पाठ हाताने बंद करतात. वाकडी सुई, दुहेरी दोरा, टाका आतल्या आत. शोधून सापडत नाही. मेहुण्याने तशीच पाठ बंद केली, मानेपाशी दोन गाठी मारल्या, दोरा दाताने तोडला आणि खूश होऊन पाठीवर थाप मारली. गिऱ्हाईकाकडे माल पाठवताना तो अशीच थाप मारायचा.

घामाने अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून भिंगरीने दोन बाटल्या पाणी उभ्या उभ्या संपवलं. मेहुण्याने दुकानाला कुलूप लावलं आणि अवजारांची पिशवी घेऊन तो गावाबाहेरच्या गिऱ्हाईकाकडे निघून गेला.

आणि सांगायला हवं, चिलखत अप्रतिम होतं! झुडपं सपासप येऊन आदळत होती आणि भिंगरी त्यांच्यातून गादीसारखा जात होता. काटे मखमलीत रुतायचे, फोममध्ये दमायचे, कॅनव्हासपाशी हात टेकायचे. एका वळणावर तो सायकलसकट झुडपात पडला, टुणकन उसळला आणि पुन्हा वाटेवर आला! तो मोठमोठ्याने हसला. इतका आनंद त्याला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

डोंगर संपला, तेव्हा दोन बाटल्या पाण्याने आठवण करून दिली.

भिंगरीने पाठीमागे हात नेला. हात खांद्यापर्यंतही पोचेना. पुढे बटणं होती, पण ती सोफ्याची, न उघडणारी. मेहुण्याला फोन करावा, तर फोन आत, विजारीच्या खिशात! घरी कोणी नाही. बायको ड्यूटीवर. तिचं हॉस्पिटल मात्र डोंगराच्या पायथ्याशीच. भिंगरी आयुष्यात इतक्या जोरात सायकल चालवायला कधीच शिकला नव्हता. त्या दिवशी शिकला.

ड्रेसिंगच्या खोलीचं दार बंद होतं. आत कोणाचं तरी काम चाललं होतं. भिंगरी वेटिंग रूममध्ये येरझाऱ्या घालू लागला, पण चाललं की आणखी घाई व्हायची. उभं राहिलं तरी तेच. शेवटी तो सोफ्याच्या टोकाला अर्धवट रेलला. पुरतं बसलं की पोटावर दाब यायचा. जाड बोटांनी हेल्मेटचा पट्टा सुटेना, म्हणून हेल्मेटसकट मान मागे टाकली आणि डोळे गच्च मिटून मनातल्या मनात उलटे आकडे मोजायला लागला. मरून मखमल, सोनेरी पानं, नऊ बटणं. खालचा सोफाही तोच.

डोळ्यांत औषध घातलेल्या एक आजी मुलाचा हात धरून आल्या आणि सरळ त्याच्या मांडीवर बसल्या.

भिंगरी उठणार तरी कसा? ओरडावं, तर भलतंच काही निसटेल! तो जन्मात पहिल्यांदा निश्चल राहिला.

"सोफा बरा आहे," आजी म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी त्याच्या पोटावर ठेवली. "मधे जरा फुगलाय."

"नवीन आहे आई, बसेल हळूहळू," मोबाइलमधून मान न काढता मुलगा म्हणाला.

"गरम पण लागतोय. आणि अरे, श्वास घेतोय रे हा!"

"फोम असतो आतमध्ये. हवा जाते-येते."

इकडे दाराआड बायकोचं काम आटोपलं. नवरा डोंगरावर, जीव थाऱ्यावर कसा असणार? तिने बाहेर येत त्याला फोन लावला. सोफा वाजायला लागला! नुसता वाजला नाही, थरथरलासुद्धा.

"आजी," सोफा काकुळतीला येऊन म्हणाला, "जरा उठता का हो?"

आजींची किंकाळी तिसऱ्या मजल्यावर ऐकू गेली. ज्यांना चालता येत नव्हतं असे दोन पेशंट दरवाजातून धावत बाहेर पडले. बायको मात्र जागची हलली नाही. ती रिंगटोन तिने चांगली ओळखली होती.

"अहो, हे काय?"

"एकही ओरखडा नाही! पण आधी मला यातून काढ! लवकर!"

तिने त्याला आत नेलं आणि स्टुलावर बसवलं. ड्रेसिंगच्या कात्रीने कॅनव्हास कापेना. भावाची शिलाई, टाका सापडेना. शेवटी तिने ब्लेड घेतलं.

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "फक्त दोन मिनिटं दगड होऊन बसा. बारा वर्षांत माझ्या हातून एकाही पेशंटला लागलेलं नाही."

मान सुटली. खांदे सुटले. भिंगरी दातओठ खाऊन बसला होता. आता कमरेपर्यंत आलं, एक वीतभर राहिलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या नर्सने हात धुवायला कोपऱ्यातला नळ सोडला.

त्या पाण्याच्या आवाजाने भिंगरी स्टुलावरून जो उडाला, तो अर्धी मखमल अंगावर घेऊन थेट संडासात!

परत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर संतांची शांती होती, आणि पाठीवर कमरेपाशी वीतभर लांब, सरळ, लालभडक ओरखडा.

"हा डोंगराचा नाही!" तो ओरडला. "हा हॉस्पिटलचा आहे!"

"कुठला, ते ठरलं नव्हतं," बायको म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता. तिने हातातलं ब्लेड ट्रेमध्ये टाकलं. बारा वर्षांचं नाव नवऱ्याच्या पाठीवर घालवलं होतं तिने.

संध्याकाळी घरी औषध लावताना ती म्हणाली, "ठीक आहे. सायकल राहू दे."

भिंगरीने उडी मारली.

"थांबा! एक अट आहे. आज तुम्ही दोन मिनिटं बसला असतात तर काही झालं नसतं. रोज संध्याकाळी अर्धा तास सोफ्यावर बसायचं. हलायचं नाही, पाय हलवायचा नाही, उठायचं नाही."

"एवढंच? कबूल!"

तो बसला. स्वतःच्या हाताने शिवलेल्या सोफ्यावर, पहिल्यांदाच नीट टेकून. सोफा खरंच छान झाला होता. त्याने तो दाबून पाहिला. डावा हात उचलून उजवीकडे ठेवला. घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

"अगं," त्याने स्वयंपाकघराकडे हळूच हाक मारली, "सायकल विकायची जाहिरात कुठे द्यायची असते गं?"